बैलासाठी गाडी

पौष पौर्णिमेला थापलिंगच्या खंडोबाची यात्रा भरते आणि तेव्हापासून आमच्या आंबेगाव-जुन्नर भागात घाटांना जी गर्दी सुरू होते ती वैशाख सरेपर्यंत हटत नाही. बाहेरगावच्या वाचकाने 'घाट' या शब्दाने माळशेज किंवा खंडाळा डोळ्यांसमोर आणू नये. आमच्याकडे घाट म्हणजे बैलगाडा पळविण्याची चढणीची धाव. पुढे घोडी, मागे बैल, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती आणि निकाल घड्याळावर. एका पळतीला बारी म्हणतात. बारी काही सेकंदांत संपते, आणि पहिला कोण व दुसरा कोण हे सेकंदाच्या अपूर्णांकावर ठरते.

या शर्यतींविषयी अंकातून आणि अंकाबाहेर पुष्कळ लिहिले जाते. त्या असाव्यात की नसाव्यात या वादात मला आज शिरायचे नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या थांबविल्या, २०१७ साली राज्याने कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. एवढा इतिहास आमच्याकडील लहान मुलालाही पाठ असतो. मला लिहायचे आहे ते एका अगदी साध्या गोष्टीविषयी. बारी काही सेकंदांची असते, पण त्या बारीसाठी बैल जो प्रवास करतो तो तासांचा असतो. तो प्रवास कशातून करावा? बैलासाठी गाडी कोणती घ्यावी, आणि ती उघडी असावी की बंद?

हा प्रश्न आमच्या घरात सध्या जेवणाच्या ताटावर येतो, म्हणून मी तो मनावर घेतला. आमचे दोन खिल्लार बैल आहेत आणि भावकीतले दोन मिळून आमचा गाडा होतो. 'गाडा' म्हणजे नुसती लाकडी गाडी नव्हे, तर हा सगळा संच, असे येथे समजावे. आजवर आम्ही भाड्याच्या टेम्पोवर भागवीत आलो. यंदा नानांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, स्वतःची गाडी घ्यायचे मनात आणले आहे. नानांना चारही बाजूंनी पत्र्याने बंद केलेली, वर नाव रंगविलेली पेटी हवी आहे. वडिलांचे म्हणणे, साधा पिकअप घ्या, हंगाम संपला की त्यातून टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात नेता येतील. पैसे दोघांचे मिळून आणि उरलेले सोसायटीचे कर्ज. मी भूगोलाची विद्यार्थिनी. घाटात आम्हा मुलींना फारसे कोणी विचारीत नाही, पण गोठा आईच्या आणि माझ्या हाताखालचा आहे. तेव्हा टेप घेऊन मोजमापे करायला आणि नियमांचे कागद वाचायला मला कोणाची परवानगी लागली नाही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. बैल चालत जात. आदल्या दिवशी निघायचे, वाटेत ओढ्याला पाणी दाखवायचे, यात्रेच्या गावी झाडाखाली मुक्काम करायचा. आमचे आजोबा सांगत की चालत गेलेला बैल घाटात उतरेपर्यंत मोकळा झालेला असे. हे खरे असले तरी लांबचा घाट मात्र त्यामुळे आवाक्याबाहेर राही. इंग्लंडातील शर्यतीच्या घोड्यांचीही हीच गत होती. १८३६ साली लॉर्ड जॉर्ज बेंटिंक या उमरावाने आपला एलिस नावाचा घोडा डॉनकॅस्टरच्या सेंट लेजर शर्यतीसाठी एका गादी लावलेल्या बंद गाडीत घालून नेला. ती गाडी सहा घोडे ओढीत होते. घोडा अजून दूर दक्षिणेतच आहे, तो चालत वेळेवर पोचणे शक्य नाही, अशा हिशेबाने पैजा घेणाऱ्यांनी त्याच्यावर मोठे भाव लावले होते. एलिस ताजातवाना उतरला आणि जिंकला. घोड्याने घोडा वाहून नेण्याची ही युक्ती पुढे सर्वांनी उचलली. त्या गाडीत वेगापेक्षा गादी महत्त्वाची होती, असे मला वाटते. पोचणे तर कशानेही होते. ताजे पोचणे कठीण असते.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. बेल्ह्याकडचा बैल आळेफाटा, नारायणगाव, मंचर असा पुणे-नाशिक महामार्गाने खेड तालुक्यातील निमगाव दावडीच्या घाटाला निघाला की दीड-दोन तास सहज लागतात, यात्रेची गर्दी असली तर त्याहून जास्त. या वेळात बैल उभा असतो. आपण बसमध्ये उभे असताना वरच्या दांडीला धरतो. बैलाला धरायला काही नाही. तो चार पाय फाकवून, अंगाचा तोल सारखा सावरीत उभा राहतो. प्रत्येक ब्रेक, प्रत्येक वळण, प्रत्येक गतिरोधक त्याच्या पायांतून जातो. म्हणजे आपण समजतो की बैलाला विश्रांती मिळते आहे. प्रत्यक्षात त्याचे स्नायू दोन तास काम करीत असतात. ही गोष्ट एकदा ध्यानात घेतली की गाडीची पारख वरून, म्हणजे रंगापासून नव्हे, तर खालून, म्हणजे तळापासून करावी लागते हे आपोआप पटते.

पिकअपच्या हौद्याचा तळ लोखंडी पत्र्याचा असतो. त्यावर उठावाच्या रेघा असतात, पण एकदा शेण आणि मूत्र पडले की त्या रेघांचा उपयोग उरत नाही. आमच्या शेजारच्या वस्तीवरील एक बैल दोन वर्षांपूर्वी भाड्याच्या टेम्पोत याच कारणाने गेला. गेला म्हणजे मेला नाही. वळणावर मागचे दोन्ही पाय फाकले आणि खुबा निखळला. बैल गोठ्यात आहे, खातो-पितो, पण उठताना दोन माणसे लागतात. त्याची किंमत किती होती हे त्या घरात आता कोणी बोलत नाही. जनावरांच्या वाहतुकीचे केंद्र सरकारचे १९७८ चे नियम आहेत. त्यांत साध्या मालगाडीच्या तळावर काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या असे न घसरणारे काहीतरी हवे, असे स्पष्ट सांगितले आहे. आपल्याकडे पाचट टाकून काम भागविण्याची रीत आहे. उसाचा भाग, त्यामुळे पाचट फुकट. पण कोरडे पाचट गुळगुळीत पत्र्यावर स्वतःच घसरते, आणि विडीची एक ठिणगी पडली तर काय होईल हे सांगायला नको. लाकडी फळ्या, त्यांवर गोठ्यात घालतात तशी जाड रबरी मॅट आणि मॅटवर थोडी वाळू किंवा भुसा, ही मांडणी मला सर्वांत बरी वाटते. मॅट निघणारी हवी. खाली मूत्र साचून राहिले तर पत्रा वर्षभरात गंजतो.

तळानंतर जागा. येथे नाना आणि वडील दोघेही चुकतात, असे मी त्यांच्या तोंडावर सांगितले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ साली एक नवा नियम घालण्यात आला आणि तो १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याप्रमाणे गाय-म्हशीच्या मापाच्या प्रत्येक जनावराला २ चौरस मीटर आणि घोड्याला सव्वादोन चौरस मीटर जागा हवी, आणि प्रत्येक जनावराच्या मध्ये कायमचा आडोसा हवा. २ चौरस मीटर म्हणजे सुमारे साडेएकवीस चौरस फूट. मी एका पिकअपचा हौदा मोजला तो ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद, म्हणजे सुमारे साडेएकोणपन्नास चौरस फूट भरला. त्यात दोन बैल बसतात, तिसरा नाही. यात्रेच्या दिवशी याच पिकअपमध्ये तीन आणि चार बैल कोंबून नेलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. 'गच्च भरले की बैल पडत नाहीत' असा युक्तिवाद करतात. गच्च भरलेला बैल पडला तर त्याला उठायला जागा नसते आणि बाकीचे त्याला तुडवतात, ही त्या युक्तिवादाची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. शिवाय खिल्लार बैलाचे वजन साडेचारशे-पाचशे किलोच्या घरात. दोन बैलांतच एक टन झाला. हे वजन पोत्यासारखे तळाशी बसून राहत नाही. ते चार-साडेचार फुटांवर उभे असते आणि वळणावर एका बाजूला झुकते. अरुंद गाडी अशा वेळी कशी डोलते हे चालकाला विचारावे. मधला आडोसा केवळ बैलांची भांडणे थांबविण्यासाठी नसतो. तो गाडीचा तोलही राखतो.

मग चारही बैलांसाठी एकच मोठी गाडी का घेऊ नये? १४ फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद हौद्यात ९१ चौरस फूट मिळतात, चार बैलांचे गणित कागदावर जमते. पण बैल इंजिनाकडे तोंड करून उभे केले, आणि १९७८ च्या नियमांतही शक्यतो तसेच करावे असे म्हटले आहे, तर पुढे दोन आणि मागे दोन अशा रांगा होतात. प्रत्येकाला लांबी मिळते सात फूट. त्यात बैल उभा राहतो, पण मान मोकळी होत नाही. १७ फुटी गाडी लागेल. तीत पुढची जोडी उतरवायची तर आधी मागची उतरवावी लागते, आणि अशी गाडी आमच्या वस्त्यांवरच्या रस्त्याला वळत नाही. भावकीने एकत्र पैसे घालून मोठी गाडी घेतली की ती कोणाच्या दारात उभी राहील हाही एक प्रश्न आहे. त्याचे उत्तर भूगोलात नाही. दोन पिकअप, दोन-दोन बैल, हेच मला व्यवहार्य वाटते. घोडी वेगळी न्यावी.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीविषयी दोनच शब्द. पुष्कळांच्या घरी ती आयती असते, म्हणून मोह होतो. पण बहुतेक ट्रॉल्यांना पाटे नसतात, चाकाला बसलेला धक्का सरळ बैलाच्या खुरात जातो. गावातल्या गावात ठीक. महामार्गावर नको.

आता मुख्य वादाकडे येते: उघडी की बंद. परदेशांत शर्यतीचे घोडे आणि जुन्या किमती मोटारी बंद पेटीच्या ट्रेलरमधून नेतात, त्याच्या चित्रफिती नानांनी मोबाईलवर पाहिल्या आहेत. जुन्या मोटारीला बंद पेटी शोभते, कारण मोटार श्वास घेत नाही. तिला धूळ, पाऊस आणि लोकांच्या नजरा यांपासून वाचविले की झाले. बैल हा चालता-बोलता चुलाच आहे. पाचशे किलोचे जनावर नुसते उभे असताना सातशे-आठशे वॅट उष्णता बाहेर टाकते. असे दोन बैल पत्र्याच्या बंद पेटीत, चैत्राच्या उन्हात, मंचरच्या वाहतुकीत अर्धा तास थांबले तर आत काय होईल याचा हिशेब अवघड नाही. गाडी चालू असते तेव्हा वारा असतो. खरा धोका थांबलेल्या गाडीत आहे. मूत्रातून निघणारा अमोनियाही आत कोंडतो आणि फुप्फुसाला झोंबतो. मागचे दार तेवढे उघडे ठेवले की भागले, असेही समजू नये. धावणाऱ्या पेटीच्या मागे हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर डिझेलचा धूरही येतो.

मग पूर्ण उघडी बरी का? तेही नाही. उघड्या पिकअपमध्ये बैलाच्या डोळ्यांसमोरून मोटारी, फलक, माणसे सारखी पळतात, मागून ट्रकचा भोंगा वाजतो. डोक्यावर ऊन असते. उडणारे खडे डोळ्यांत जातात. बिबट्याला पिंजऱ्यातून नेताना पिंजऱ्यावर कापड टाकतात, अंधारात तो शांत राहतो, हे आमच्या तालुक्यात सांगायला नको. बैलाचे मात्र निम्मेच तसे आहे. पळती दृश्ये दिसली नाहीत तर तो स्वस्थ राहतो, पण गडद अंधारात पाय टाकायला तो तयार नसतो. काळोख्या पेटीसमोर बैल अडतो तो हट्टाने नव्हे. पुढे जमीन आहे की खड्डा, हे त्याला दिसत नाही. मग मागून शेपटी पिरगाळायची, काठी मारायची, आणि प्रवासाच्या आधीच बैल घामाघूम होतो. आत उजेड असेल तर तोच बैल आपल्या पायाने चढतो.

म्हणून मी घरात मांडलेला आराखडा असा आहे. खांद्यापर्यंत चारही बाजू फळ्यांनी बंद, आतून जाड गादी. खांद्यावर उभे पाइप, त्यांमध्ये मोकळी हवा, आणि लागेल तेव्हा खाली सोडता येईल अशी ताडपत्री. वर छप्पर, पण पत्र्याचे एकेरी नको, ते तापते. ताडपत्रीचे, आणि त्याखाली एक हिरवी जाळी. छपराची आतली उंची ७ फूट. बैल खांद्याशी साडेचार फूट असला तरी खिल्लाराची शिंगे विसरून चालत नाही. हौद्याच्या कडा ठेंगण्या असतील तर त्या उंच कराव्यात, असे १९७८ च्या नियमांतही आहे. नानांना हवे असलेले नाव बाहेरच्या फळीवर खुशाल रंगवावे, त्याने बैलाला काही होत नाही.

अशा अर्ध्या उघड्या बांधणीचा आणखी एक फायदा आहे, तो सांगताना थोडा संकोच वाटतो. २०१५ साली राज्यात गोवंशहत्या बंदीचा कायदा कडक झाल्यापासून रात्री बैल घेऊन जाणारी बंद गाडी कोणीही अडवतो. कधी पोलीस, कधी पोलीस नसलेली माणसे. गाडीत काय आहे हे बाहेरून दिसत असेल, बैलाच्या कानात बारा अंकी बिल्ला असेल, आणि बैल प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला समोरच्या कप्प्यात असेल, तर बोलणे दोन मिनिटांत संपते. बंद पेटी उघडून दाखविताना घाबरलेला बैल अंधारात बाहेर उडी मारतो, ही शक्यता कोणी धरीत नाही. बांधणीत बदल केला की त्याची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते, नाहीतर अपघाताच्या वेळी विमा कंपनी तेच बोट ठेवते. बैलांच्या शेजारी पेंडीची पोती आणि पाण्याची पिंपे बांधण्याची रीतही सोडावी लागेल. जनावरांबरोबर दुसरा माल नको असे नियमच म्हणतो, आणि सुटलेले पिंप पायावर आल्यावर नियमाची आठवण होऊन उपयोग नसतो. गाडीत एक माणूस जनावरांकडे पाहायला हवाच. तो चालकाच्या शेजारी बसून झोपणारा नसावा.

चढ-उतार हा भाग सर्वांत कमी विचारात घेतला जातो. घरी आपण गाडी बांधाला लावतो, बैल सपाट चालत आत जातो. घाटावर बांध मिळेलच असे नाही. तेथे फाळका खाली टाकून बैलाला तीन फुटांवरून उडी मारायला लावतात. उडी मारताना सगळे वजन पुढच्या दोन पायांवर येते, आणि त्याच पायांवर त्याला तासाभराने घाट चढायचा असतो. फाळक्याऐवजी उतरती फळी हवी. उतार २० अंशांच्या आत ठेवायचा तर तीन फूट उंचीला जवळजवळ नऊ फूट लांब फळी लागते. एवढी फळी एका तुकड्यात जड होते, म्हणून बिजागरीने दुमडणारी, वर आडव्या पट्ट्या ठोकलेली करून घ्यावी. बॉडीवाल्याने ती करायला कुरकुर केली. 'एवढे कोणी करत नाही, ताई,' असे तो म्हणाला. आईने त्याला विचारले, 'तुमच्याकडे बैल आहेत का?' तो गप्प बसला.

बांधण्याबद्दल आई जे सांगते ते मी कोठल्याच नियमात वाचले नाही. वेसणीचा दोर गाडीला कधीही बांधू नये. धक्का बसला की नाक फाटते. दावे गळ्याचे, आणि गाठ सुरगाठ, निरगाठ नव्हे. एका झटक्यात सुटली पाहिजे. दाव्याची लांबी अशी की बैलाचे तोंड गुडघ्यापर्यंत पोचावे. मान वर ताणून बांधलेल्या जनावराला नाकातोंडातला चिकटा खाली गाळता येत नाही, धूळ आत साचते, आणि दोन दिवसांनी खोकला सुरू होतो. लोक मग यात्रेच्या पाण्याला दोष देतात.

हंगामाआड टोमॅटो, ही वडिलांची बाजू मी पूर्वी बाजूला सारीत होते, पण तीत तथ्य आहे. गाडा वर्षातून फार तर वीस-पंचवीस दिवस जातो, कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने. टोमॅटोच्या भावाचा भरवसा नाही. जुलै २०२३ मध्ये सोन्याचा भाव आला, तसे साल पुन्हा कधी येईल कोण जाणे. तेव्हा मधला आडोसा आणि वरचा सांगाडा नटबोल्टाने निघेल असा करायचा, हे ठरले. नियमातला 'कायमचा आडोसा' आणि आमचा निघणारा आडोसा यांचा मेळ कसा घालायचा हे परिवहन कार्यालयातच विचारावे लागेल. त्यावर नाना अजून नाराज आहेत.

एक मात्र पक्के पाळायचे आहे. बैल उतरले की त्याच दिवशी गाडी धुवायची, आणि चुन्याच्या निवळीने किंवा जंतुनाशकाने तळ पुसायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगामुळे राज्यात जनावरांचे बाजार, वाहतूक आणि शर्यती बंद ठेवाव्या लागल्या, बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजारही ओस पडला. तो रोग माश्या, डास आणि गोचिडांनी पसरतो. आणि शेणाने माखलेल्या, कोपऱ्यात पाचट कुजलेल्या हौद्याइतकी त्यांना आवडणारी जागा दुसरी नाही. त्याच हौद्यात दुसऱ्या दिवशी माणसांनी खायचे टोमॅटो जाणार असतील तर धुण्याचे कारण दुप्पट होते. त्यासाठी हौद्याच्या मागच्या कोपऱ्यात दोन बोटांचे छिद्र ठेवायला सांगितले आहे, म्हणजे पाणी वाहून जाईल.